अज्ञात मालकाची खूण

तबकडी फुटली, असे माझ्या मित्राने मला चाळीस वर्षांपूर्वी फोनवर सांगितले. मी ते खरे मानले. आम्ही दोघे पुण्याच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलो, एकाच वर्षी न्यू जर्सीत शिकायला आलो आणि पिस्कॅटवेमधल्या एका तळघरात दोन हिवाळे एकाच शेगडीवर खिचडी शिजवून काढले. अशा माणसाच्या शब्दाची तपासणी कोणी करत नाही.

ती फुटली नव्हती, हे मला मागच्या वर्षी कळले.

तबकडी मी विद्यापीठाजवळच्या एका जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात घेतली होती. तिच्या वेष्टनाचा वरचा कोपरा कापलेला होता. न खपलेल्या रेकॉर्डांचे कोपरे कापून त्या पडेल किमतीला काढण्याची तेव्हा रीत होती. वादक त्या काळी घराघरात ठाऊक होता, पण गायक म्हणून. चर्चमधल्या भजनाचा आर्त ढंग त्याने प्रेमगीतांत आणला होता, आणि सोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गाण्यांनी सगळे रेडिओ भरून गेले होते. या तबकडीत मात्र तो गात नव्हता. वीस वादकांचा मोठा ताफा जमवून, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्यामध्ये तो पियानोवर बसला होता आणि जाझ वाजवत होता. ज्यांना त्याचा गळा हवा होता त्यांनी ती घेतली नाही. ज्यांना जाझ हवे होते त्यांनी, हा गाणारा, याला काय कळते, म्हणून घेतली नाही.

"यात तो गात नाही हं," दुकानदाराने मला बजावले. "उद्या तक्रार घेऊन येऊ नकोस."

गात नाही म्हणूनच मी ती घेतली. इंग्रजी गाण्यांतले शब्द मला तेव्हा उमगत नसत, आणि न उमगलेल्या शब्दांनी मला त्या वर्षी पुरेसे थकवले होते.

दुकानदाराचे ते वाक्य मी पुढे अनेकांना सांगितले. माणसाजवळ सांगण्यासारख्या गोष्टी दोनतीनच असतात. त्यांतली माझी ही एक होती.

माझा मित्र संगीतातला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने खिचडी ढवळता ढवळता विचारले, "हेडमास्तर, हे मिरवणूक घेऊन कुठं चाललेत?" मला तो हेडमास्तर म्हणे. मी फार थोडे बोलतो आणि बोललो की चूक काढतो, असे त्याचे म्हणणे होते. ते बरोबर होते. पण महिन्याभरात संध्याकाळी परत आल्यावर तबकडी तोच लावू लागला. दोन हिवाळ्यांत आम्ही दोघांनी ती इतकी ऐकली, की कोणता ट्रम्पेटवाला कुठे श्वास घेतो हेही आम्हांला पाठ झाले. तिच्यावर त्याचाही काही हक्क होता, असे कोणी म्हणाले तर मी नाही म्हणणार नाही. मागितली असती तर कदाचित दिलीही असती.

माझे लग्न झाले आणि सौभाग्यवती सांगलीहून आली. मित्राने शेजारच्याच इमारतीत खोली घेतली. जेवायला तो आमच्याकडेच असे. तबकडी पहिल्यांदा ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

"अहो, हा तर आपल्या वरातीतला बँड!"

"आपल्या वरातीतल्या बँडला सूर नव्हता."

"यांना आहे. एवढाच काय तो फरक."

पण दुसऱ्या बाजूची तिसरी रचना तिला वेगळी वाटे. ती संथ होती. ताफा मागे सरतो, सॅक्सोफोन नुसते धरून ठेवल्यासारखे दबून राहतात, आणि पियानो एकटा बोलतो. ती रचना लागली की तिचा लाटण्यावरचा हात मंदावे. एकदा तिने विचारले, "एवढा गाणारा माणूस. गप्प बसून काय विचार करत असेल हो?" मी म्हणालो, विचार करत नाही, वाजवतो आहे. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार? तुम्ही गप्प बसता तेव्हा तरी कुठं सांगता?"

तिचा इथला पहिला दसरा आला. तिने कपड्यांच्या एका रिकाम्या खोक्यावर रेशमी खण पसरला आणि पूजा मांडली. आपट्याची पाने इथे कुठून येणार? तिने पार्किंगच्या कडेची पिवळी पडलेली मेपलची पाने वेचून आणली होती. झेंडू मात्र दुकानात मिळाला. ज्या वस्तूंवर घर चालते त्या सगळ्या तिने खोक्यावर ठेवल्या: माझी स्लाइड रूल, कंपासपेटी, सोल्डरिंग आयर्न, तिची कात्री, पोळपाट आणि लाटणे. मी अंघोळ करून आलो तो तबकडी वेष्टनातून काढून मध्यभागी ठेवलेली, आणि तिच्या काळ्या अंगावर ओल्या कुंकवाचे बोट उमटलेले.

"हे काय केलंस?"

"पूजा."

"ते काय हत्यार आहे?"

"रोज संध्याकाळी तिच्यापुढं बसता. माझ्यापुढं नाही बसत एवढं. म्हटलं, तुमचं मोठं हत्यार तेच असणार."

मित्र जेवायला आलेला होता. तो खो खो हसला. "वहिनी, संपलं! आता ही रेकॉर्ड शाकाहारी घरातच वाजणार." मेपलचे पान पुढे करून तो तिला म्हणाला, "घ्या सोनं. इथलं सोनंसुद्धा रंग बदलतं बघा."

मी हसलो नाही. तबकडी उचलून दिव्याखाली नेली. कुंकू तिसऱ्या रचनेच्या पट्ट्यावर होते आणि सूक्ष्म रेघांत उतरून वाळू लागले होते. ओल्या फडक्याने ते पसरले. मग मी टाचणी घेतली. रेघेरेघेतून ते कोरून काढायला मला पाऊण तास लागला. इंजिनिअर माणूस, हात स्थिर आहे याचा मला अभिमान होता. बरेचसे निघाले. मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका राहिला, तो मी सोडून दिला. तेवढ्या वेळात श्रीखंड तसेच राहिले. ताज्या चक्क्याऐवजी इथले आंबट क्रीम वापरून तिने ते पहिल्यांदाच जमवले होते. त्या दोघांनी माझी वाट पाहिली, मग जेवून घेतले.

त्या दिवसापासून त्या जागी टिक् असा बारीक आवाज येऊ लागला. दर फेऱ्याला एक, असे नऊ वेळा. पियानो एकटा असल्यामुळे तो लपत नसे. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती रचना ऐकवताना मी सांगत असे, "हा आवाज आमच्या मंडळींच्या कुंकवाचा." पाहुणे हसत. तीही हसे.

मित्राला वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. निघण्याच्या आठवड्यात तो म्हणाला, "रेकॉर्ड दे. तिकडे एकाकडे चांगलं मशीन आहे. कॅसेट करतो आणि परत पाठवतो. तुलाही एक कॅसेट." मी दिली. महिन्याने फोन आला. सामान हलवणाऱ्यांनी खोके आपटले, तबकडीचे तीन तुकडे झाले. त्याचा आवाज पडलेला होता. सौभाग्यवतीने माझ्या हातातून फोन घेतला. "जाऊ द्या हो भावोजी. माणसं नीट पोचली ना? मग झालं." फोन ठेवून ती मला म्हणाली, "आता त्यांना बोलू नका काही." मी बोललो नाही. तशी प्रत मी नंतर शोधली. मिळाली नाही. शोधणे सोडून दिले.

मैत्री राहिली. दर उन्हाळ्यात तो आमच्याकडे येऊन राही. माझ्या मुलीला सायकल त्याने शिकवली. मला जमले नव्हते. मी ओरडत असे. निवृत्तीनंतर त्याने रेकॉर्डांचा मोठा संग्रह केला, हे मला ठाऊक होते. त्याविषयी तो माझ्यापाशी फारसे बोलत नसे. माझी तबकडी त्याच्या हातून फुटली म्हणून त्याला संकोच वाटत असावा, असे मी समजून चाललो.

सहा वर्षांपूर्वी सौभाग्यवती गेली. तो दुसऱ्या दिवशी रेडमंडहून विमानाने आला आणि दहाव्यापर्यंत राहिला. त्या दिवसांत त्याने जे केले ते मी नाकारत नाही. फोन त्याने घेतले. भेटायला येणाऱ्यांना चहा त्याने दिला. मुलगी रडे तेव्हा तिच्याजवळ तो बसे. तो निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघे तिचे कपाट आवरत होतो. साड्यांच्या मागे तिचा कुंकवाचा करंडा सापडला. मी कधी बोलत नाही, त्या दिवशी बोललो.

"तिच्या बोटाची खूण एकाच वस्तूवर होती," मी म्हणालो. "आणि ती तुझ्याकडे फुटली. आज असती तर मी दुसरं काही मागितलं नसतं."

तो खिडकीपाशी गेला. बराच वेळ पाठमोरा राहिला. मग वळून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हेडमास्तर, वस्तूंचं काय घेऊन बसतोस? गेल्या त्या गेल्या."

तो हात मला तेव्हा आधाराचा वाटला.

माझी मुलगी अ‍ॅशबर्नला असते. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला ती एक जड चौकोनी खोके घेऊन आली. त्या गायकाने मोठ्या ताफ्याबरोबर केलेल्या, बिगबँड जाझच्या तीन तबकड्या कंपनीने पुन्हा काढल्या होत्या, एकत्र, जाड पुस्तिकेसह.

"बाबा, तुमची ती रेकॉर्ड! आईचं कुंकूवाली! आमच्याकडे कॉफी शॉपमध्ये वाजत होती. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ओल्ड थिंग आहे पण न्यू आहे. सगळी यंग मुलं ऐकतायत सध्या."

तिने लगेच लावायला सांगितले. मी आमच्या तबकडीची पहिली बाजू लावली. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा होता. ट्रॉम्बोन जिथे पूर्वी एकमेकांत मिसळत तिथे आता वेगवेगळे मोजता येत होते. पन्नास वर्षे जे कोणाला नको होते, ते आता कॉफीबरोबर ऐकले जात होते. मला बरे वाटले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्यात ते राहून जाईल.

दुसऱ्या बाजूची तिसरी रचना लागली. ताफा मागे सरला. पियानो एकटा राहिला. आणि मला टिक् ऐकू आले.

पूर्वीपेक्षा बारीक होते, पण त्याच जागी होते. दर फेऱ्याला एक. मी मोजले. नऊ.

"धूळ असेल," मुलगी म्हणाली.

"नवी आहे," मी म्हणालो. "तू आत्ता वेष्टन फोडलंस."

मी तबकडी उतरवून पाहिली. पट्टा स्वच्छ होता. सुई पुन्हा ठेवली. पुन्हा नऊ. म्हणजे आवाज तबकडीवर पडलेला नव्हता. तो मूळ ध्वनीतच होता. मी पुस्तिका उघडली. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते, की या तबकडीच्या मूळ फिती सापडल्या नाहीत, म्हणून एका खाजगी संग्राहकाच्या प्रतीवरून ध्वनी उतरवला आहे. शांत भागातले काही किरकोळ आवाज पियानोचा जिवंतपणा जाऊ नये म्हणून तसेच ठेवले आहेत. त्याआधी चार पानांचा लेख होता. नव्या श्रोत्यांसाठी, असे वर म्हटले होते. खाली माझ्या मित्राचे नाव होते.

तो लेख मी तीनदा वाचला. लिहिले चांगले होते. विद्यापीठाजवळच्या दुकानात शिरलेला परदेशी विद्यार्थी त्यात होता. कापलेला कोपरा होता. "यात तो गात नाही, उद्या तक्रार घेऊन येऊ नकोस," हे दुकानदाराचे वाक्यही होते. इंग्रजी गाण्यांतले शब्द न उमगणारा तो विद्यार्थी लेखात मित्र स्वतः होता. तळघरातली खोली होती, शेगडी होती. त्या खोलीत दुसरे कोणी राहत असल्याचा उल्लेख नव्हता.

शेजारच्या पानावर त्याच्या घरी काढलेला तबकडीचा मोठा फोटो होता. तिरप्या उजेडात काळ्या पट्ट्यावर मसुराएवढा लाल ठिपका स्पष्ट दिसत होता. खाली एक ओळ होती: प्रतीवर पूर्वीच्या अज्ञात मालकाची खूण.

मुलीने ती ओळ वाचली. तिने आधी माझ्याकडे, मग फोटोकडे पाहिले.

"बाबा, हे आईचं आहे?"

"हो."

"पण काकांनी तर सांगितलं होतं, ब्रोकन म्हणून."

"हो."

"काका असं करणार नाहीत. देअर मस्ट बी समथिंग. कदाचित त्यांना नंतर सापडली असेल."

"तुकडे सापडून जोडले जात नाहीत."

"चाळीस वर्षांची फ्रेंडशिप आहे. एका रेकॉर्डसाठी तुम्ही आता भांडणार का?"

"रेकॉर्डसाठी नाही."

"मग कशासाठी?"

कपाटापुढची ती दुपार तिला ठाऊक नव्हती, आणि ती सांगून तिचे काका तिच्याकडून काढून घ्यावेत असे मला वाटले नाही. मला भांडायचे नव्हते. मला ती तबकडी परत हवी होती. त्या लाल ठिपक्यावर एकदा बोट ठेवायचे होते. त्यापुढचे काही मी ठरवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, तिकडे सकाळचे आठ वाजू दिले आणि फोन केला.

"हेडमास्तर! आणि फोन? आज सूर्य कुठून उगवला? आमच्याकडे तर पाऊस. कालचा वाढदिवस कसा झाला?"

"पुस्तिका वाचली."

"कोणती?"

"तुझ्या नावाची."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला.

"अरे, मी तुला एक सेट पाठवणारच होतो. मुलीनं आणला वाटतं?"

"तबकडी फुटली होती."

मी थांबलो. मला थांबता येते.

"खोकं खरंच आपटलं होतं," तो शेवटी म्हणाला. "खोक्यात आणखी दोन रेकॉर्ड होत्या, त्या फुटल्या. ही वाचली. मी तुला फोन करायला घेतला आणि तोंडातून निघालं, की तुझी फुटली. मला अजून थोडे दिवस हवी होती यार. सहा महिने. मग सांगणार होतो, सापडली म्हणून. पण वहिनी काय म्हणाल्या आठवतं? माणसं नीट पोचली ना. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"म्हणजे चूक तिची."

"तसं नाही रे."

"ती गेली तेव्हा तू दहा दिवस इथं होतास."

"आणली होती."

"काय?"

"रेकॉर्ड. बॅगेत होती. स्वेटरमध्ये गुंडाळून. निघायच्या दिवशी तुझ्या टेबलावर ठेवून जाणार होतो. चिठ्ठीसुद्धा लिहिली होती. आणि आदल्या दिवशी तू त्या करंड्यापाशी ते बोललास. त्यानंतर बॅग उघडून काढली असती तर तू मला घराबाहेर काढलं असतंस."

"नसतं काढलं."

"काढलं असतंस. मी ओळखतो तुला."

काढले असते की नाही, हे मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला विचारले. खात्रीचे उत्तर मिळाले नाही. पण प्रश्न तो नव्हता. मी ज्या खोलीत उभा राहून ते मागितले, त्याच खोलीच्या शेजारी, पाहुण्यांच्या पलंगाखाली ती वस्तू होती. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्याला ते ठाऊक होते. तो ती परत घेऊन गेला. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवून नेली असेल. तो माणूस वस्तू जपून नेतो.

"आणि ती खूण अज्ञात मालकाची?" मी विचारले.

"ते रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं लिहिलं. त्यानं विचारलं, हा डाग कसला? मी म्हटलं, ठाऊक नाही."

"ठाऊक नाही."

"काय सांगणार होतो मी त्याला?"

"दुकान माझं सांगितलंस. दुकानदार माझा सांगितलास. एवढंही माझंच सांगायचं."

"पाठवतो," तो म्हणाला. "कंपनीकडून कालच परत आलीय. आजच पाठवतो."

"पाठव."

सहाव्या दिवशी पार्सल आले. एका खोक्यात दुसरे खोके, मध्ये फोम. बांधणी उत्तम होती. वेष्टन ओळखीचे होते. कोपरा कापलेला, पाठीला मी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडलेली. आतला कागद मात्र बदललेला होता. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी गेलो, हात धुऊन पुसले, आणि तबकडी कडांवर धरून दुसरी बाजू वर केली.

लाल ठिपका नव्हता.

मी ती उजेडात फिरवली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चष्मा पुसला. तिसऱ्या रचनेचा पट्टा इतर पट्ट्यांसारखाच काळा आणि चकचकीत होता. खोक्यात मित्राच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मराठीत होती, इतकी वर्षे गेली तरी त्याचे अक्षर चांगले आहे. ध्वनी उतरवण्याआधी कंपनीने तबकडी मशीनवर धुऊन घेतली. इतक्या वर्षांचा मळ निघाला. नव्यासारखी झाली आहे असे त्यांनी कळवले आहे. जमेल तेव्हा मला माफ कर.

मी ती लावली. उभा राहूनच ऐकली. पियानो एकटा झाला तेव्हा टिक् आले, पूर्वीइतकेच मोठे. नऊ वेळा.

कुंकू तर निघून गेले होते. म्हणजे तो आवाज कुंकवाचा कधीच नव्हता. तो माझ्या टाचणीचा होता. तिच्यादेखत मी पाहुण्यांना सांगत आलो, आमच्या मंडळींच्या कुंकवाचा आवाज, आणि ती हसत आली. तिला ठाऊक होते की नव्हते, हे विचारायला आता कोणी नाही. तिचे बोट धुऊन गेले, आणि माझा ओरखडा तेवढा राहिला. तोही आता हजारो नव्या प्रतींवर आहे. मी सुई उचलली आणि तबकडी वेष्टनात घातली.

धुण्याची परवानगी मित्रानेच दिली असणार. त्याच्या सहीशिवाय ते कोणी केले नसते. त्याने मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. पण त्या दसऱ्याला तिच्यावर कुंकू पाहिलेली माणसे जगात त्या वेळी दोनच उरली होती, आणि धुऊ नका हे सांगू शकणारा एकच होता.

रविवारी त्याचा फोन आला.

"मिळाली?"

"मिळाली."

"वाजवलीस?"

"वाजवली."

"कशी वाटली? त्यांचा माणूस म्हणत होता, इतकी जुनी प्रत इतकी स्वच्छ क्वचित मिळते."

"तू पाहिलीस का पाठवण्याआधी?"

"नाही. त्यांचं खोकं मी उघडलंच नाही. तसंच दुसऱ्या खोक्यात घातलं." मग त्याचा आवाज बदलला. "अरे... कुंकू गेलं का रे?"

"गेलं."

तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आले नाही. बहुधा रडत होता. मी वाट पाहिली. त्याचे रडणे खोटे नव्हते. त्याच्यापाशी खोटे एकच होते, आणि ते त्याने चाळीस वर्षे पुरवले. थोड्या वेळाने त्याने नाक शिंकरले आणि जुन्या सवयीने विषय पुढे ढकलला.

"जूनमध्ये येतोय मी. तिकडच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे, मुलीनं सांगितलंच असेल. समोर बसून बोलू. फोनवर असं नाही होत. खालची खोली रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग सतराला पोचतो. विमानतळावर येऊ नकोस, मी टॅक्सी करीन."

"तू हॉटेल बघ."

"काय?"

"मोठ्या रस्त्यावर दोन आहेत. कोणतंही बघ."

तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी असत्या तर असं बोलू दिलं नसतं त्यांनी तुला."

"नसतं दिलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.